हृदय दुरुस्त झालं, मग हे रडू कुठून आलं?

बायपासच्या अनेक ऑपरेशनांत एक क्षण असा येतो, की माणसाचं हृदय जाणूनबुजून थांबवलं जातं. पोटॅशियम मिसळलेलं द्रावण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत सोडलं की थोड्याच वेळात धडधड बंद पडते. मॉनिटरवरची रेघ सपाट होते, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये कोणीही घाबरत नाही. शेजारचं यंत्र मिनिटाला चार-पाच लिटर रक्त शरीरातून घेतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि परत देतं. तेवढ्या वेळात सर्जन पायातली शीर आणि छातीच्या आतली धमनी वापरून तुंबलेल्या जागेला वळसा घालणारी नवी वाट शिवतो. मग रक्त पुन्हा हृदयाकडे वळवतात, पोटॅशियम धुऊन निघतं, आणि कितीदा तरी हृदय आपलं आपणच चालू होतं.

याहून कोड्यात टाकणारी गोष्ट पंधरा दिवसांनी घरी घडते.

फैजपूर, सावदा, रावेरच्या केळीपट्ट्यातला साठीकडे झुकलेला एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशन जळगावला, नाशिकला किंवा मुंबईला झालं. रिपोर्ट उत्तम, जखम कोरडी, डॉक्टर खूश. आणि उभ्या आयुष्यात कोणासमोर डोळ्यांतून पाणी न काढलेला हा माणूस टीव्हीवरच्या जाहिरातीला हुंदके देऊन रडतो. भाजी अळणी आहे म्हणून ताट सरकवतो. रात्री तीनला उठून ओट्यावर जाऊन बसतो. केळीला आज काय भाव फुटला, हे विचारतसुद्धा नाही. बायको मनात म्हणते, ‘जीव वाचला, देव पावला, मग हे असे का वागतात? माझंच काही चुकतंय का?’

तिचं काही चुकत नाही. छातीवरचे टाके जसे ऑपरेशनचा भाग आहेत, तसाच मनाचा हा चढउतारही आहे. टाके दिसतात म्हणून त्यांची निगा राखली जाते. हा दिसत नाही म्हणून त्याला ‘स्वभाव बिघडला’ म्हणतात.

नवरा-बायकोने बनवलेलं यंत्र

हृदय थांबवता येण्याची गोष्टच मुळात एका जोडप्याची आहे. अमेरिकेतले सर्जन जॉन गिबन तरुण डॉक्टर असताना फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका बाईच्या उशाशी रात्रभर बसले होते. ती वाचली नाही. तिचं रक्त थोडा वेळ शरीराबाहेर नेऊन प्राणवायू देता आला असता तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांची पत्नी मेरी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. दोघांनी मिळून पंप, नळ्या आणि काचेची भांडी जोडत १९३५ मध्ये एका मांजरीच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम काही वेळ यंत्राकडून करवून दाखवलं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र या यंत्राच्या आधारावर बुजवलं. यंत्राने तिला २६ मिनिटं पूर्णपणे सांभाळलं, आणि ती बरी होऊन घरी गेली.

हृदयावरची ऑपरेशनं वाढू लागली, तशी डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसू लागली. काही रुग्ण दोन-तीन दिवस शुद्धीवर असूनही भलतंच बोलायचे. भिंतीवर किडे दिसतात म्हणायचे, नर्स विष देते म्हणायचे. १९६४ मध्ये ब्लॅकली आणि स्टार या डॉक्टरांनी या अवस्थेवर निबंध लिहिला. त्यातले अल्बर्ट स्टार हे हृदयाची कृत्रिम झडप बनवणाऱ्या जोडगोळीपैकी एक. ज्याने हृदयात नवी झडप बसवली, त्यालाच हृदयापलीकडे डोक्याकडे बघावं लागलं.

यंत्रावरचा आरोप

पहिला संशय साहजिकच यंत्रावर आला. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, त्यात बारीक बुडबुडे आणि कण येतात, ते मेंदूपर्यंत जात असणार. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासाने या संशयाला बळ दिलं. बायपासनंतर रुग्णालयातून घरी जाताना निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता चाचण्यांत आधीपेक्षा कमी भरली. सहा महिन्यांनी हे प्रमाण साधारण एक चतुर्थांशावर आलं, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्क्यांवर गेलं.

मग यंत्र वगळून पाहू या, असं ठरलं. धडधडत्या हृदयावरच टाके घालण्याचं तंत्र आलं होतं. भारतात बरीच बायपास ऑपरेशनं आज अशीच होतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,२०३ रुग्णांवर तुलना झाली आणि २००९ मध्ये निकाल आला. यंत्र वापरलेल्यांत आणि न वापरलेल्यांत वर्षभरानंतरच्या बौद्धिक चाचण्यांत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. दुसरीकडे, जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तर काही वर्षांनंतरची घसरण त्यांच्यातही तितकीच दिसली. म्हणजे बऱ्याच अंशी दोष यंत्राचा नव्हता. ज्या आजाराने हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या, तोच मेंदूच्या वाहिन्यांतही हळूहळू काम करत होता. उदासी तर यंत्र वापरलं काय, न वापरलं काय, दोन्हीकडे दिसते.

शरीर मेंदूला काय कळवतं

छातीचं मधलं हाड उभं कापून स्टीलच्या तारेने पुन्हा बांधणं ही शरीराच्या लेखी मोठी इजाच असते. सर्जनचा हेतू शरीराला कळत नाही. ते आपलं संरक्षण दल बाहेर काढतं. रक्तात दाह वाढवणारी रसायनं सुटतात आणि त्यांची खबर मेंदूपर्यंत जाते. मग मेंदू जो हुकूम सोडतो तो आपण सगळ्यांनी तापात अनुभवलेला आहे: पडून राहा, खाऊ नकोस, कोणाशी बोलू नकोस, कशातही रस घेऊ नकोस. शक्ती वाचवून जखम भरण्याची ही फार जुनी युक्ती आहे. जनावरंही आजारी पडली की कोपरा धरतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांतली मरगळ बरीचशी इथून येते.

त्यात भर पडते झोपेची. आयसीयूत दिवस आणि रात्र सारखेच. दिवे चालू, यंत्रांचे आवाज चालू, तासातासाला कोणीतरी नाडी बघतं. घरी आल्यावर छातीच्या टाक्यांमुळे कुशीवर वळता येत नाही. रक्त गेल्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. वेदनाशामक औषधांनी गुंगी येते. हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी काहींना थकवा येतो आणि विचित्र स्वप्नं पडतात. याच गोळ्यांनी नैराश्य येतं ही जुनी समजूत मात्र नव्या अभ्यासांत टिकलेली नाही, तेव्हा त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. अनेकांच्या ठोक्यांची लय ऑपरेशननंतर काही दिवस बिघडते. धातूची झडप बसवलेल्याला तर रात्रीच्या शांततेत तिची टिकटिक स्वतःला ऐकू येते. जो अवयव आयुष्यभर न विचारता चालत होता, त्याच्याकडे आता माणूस कान लावून पडून राहतो.

तीन वेगळ्या अवस्था

घरच्यांची गल्लत इथे होते. तीन गोष्टी एकाच नावाखाली जातात, आणि तिन्हींचा इलाज निराळा आहे.

पहिली म्हणजे भ्रम. तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत, बहुधा रुग्णालयातच येतो. माणूस बरळतो, नळ्या ओढतो, किंवा उलट अगदी गप्प, हरवल्यासारखा पडून राहतो. या दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होतं, कारण गप्प पेशंटचा त्रास कोणाला नसतो. ओळखीचा आवाज इथे औषधाइतका कामाचा. चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत द्यावं, आज कोणता वार आणि आपण कुठे आहोत ते शांतपणे सांगत राहावं, किडे दिसतात म्हटलं तर वाद घालू नये. बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो.

दुसरी म्हणजे हळवेपणा. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे रडू आणि राग दोन्ही ओठांवर असतात. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. नातवाने हाक मारली तरी गळा भरून येतो. हा आजार नव्हे. याला वेळ, चालणं आणि झोप लागते. ‘बाप्यासारखा बाप्या, रडतो काय’ हे वाक्य लागत नाही.

तिसरी म्हणजे नैराश्य, आणि तो आजारच आहे. ओळखण्यासाठी डॉक्टर दोन प्रश्न वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश होतं का? ज्या गोष्टींत रस वाटायचा, त्यातला आनंद गेला का? थकवा आणि झोपमोड ऑपरेशननेही होते, म्हणून त्यांवरून फसायला होतं. हे दोन प्रश्न सहसा फसवत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच सांगितलं, की हृदयरुग्णांना हे प्रश्न विचारले जावेत.

ते विचारायचं कारण फक्त मनाच्या सुखाचं नाही. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बायपास झालेल्या ३०९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी जाताना ज्यांना नैराश्य होतं, त्यांतल्या २७ टक्क्यांना वर्षभरात हृदयाचा पुन्हा काही त्रास उद्भवला. नैराश्य नसलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. उदास माणूस गोळ्या चुकवतो, चालत नाही, तंबाखूकडे वळतो हे एक कारण. नैराश्यात रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी अधिक चिकट होतात, ठोक्यांची लवचिकता कमी होते, दाह वाढतो, हे दुसरं. मनाचा आजार इथे थेट नवीन शिवलेल्या वाहिनीपर्यंत पोचतो.

घडाचं वजन

शरीर आणि रसायनं झाली. पण केळीपट्ट्यातल्या माणसाचं मन फक्त रसायनांनी चालत नाही. छातीचं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे, पूर्ण बळकट व्हायला तीन महिने लागतात. तोवर दोन-चार किलोंच्या वर उचलायचं नाही, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवायचा नाही. चांगल्या केळीचा एक घड वीस-पंचवीस किलोंचा असतो. रात्री वीज आली की मोटर सुरू करायला जाणारा, मजुरांच्या आधी बांधावर पोचणारा, व्यापाऱ्याशी घासाघीस करणारा माणूस अचानक खाटेवर आला आणि सगळे त्याला सांगू लागले, ‘भाऊ, तुम्ही फक्त आराम करा.’ प्रेमाने म्हटलेल्या या वाक्यात त्याला ऐकू येतं, की आता तुमची गरज नाही.

त्यात भेटायला येणारी माणसं. आपल्याकडे पेशंटला भेटायला न जाणं म्हणजे तोंड न दाखवण्यासारखं. प्रत्येक जण खुर्ची ओढून बसतो, किती ब्लॉक होते, खर्च किती आला विचारतो, आणि उठता उठता आपल्या कोण्या नातेवाइकाचं बायपासनंतर काय झालं ते सांगून जातो. दिवसातून दहा वेळा तीच कहाणी सांगणाऱ्याने ऑपरेशन विसरायचं कधी?

जोडीदाराची ताकद मोजली तेव्हा

जोडीदाराचा आधार हा भावनेचा विषय समजला जातो. काही संशोधकांनी तो आकड्यांत मोजून पाहिला. १९८९ मध्ये कुलिक आणि माहलर या संशोधकांनी बायपास झालेल्या ५६ पुरुषांचा अभ्यास केला. ज्यांच्या बायका रुग्णालयात वारंवार भेटायला येत, त्यांना वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर आले. रोचेस्टर विद्यापीठाने २२५ बायपास रुग्णांचा १५ वर्षं माग काढला. लग्न झालेले रुग्ण तोवर हयात असण्याची शक्यता एकट्यांपेक्षा अडीच पट होती, आणि संसारात समाधानी असलेल्यांची त्याहूनही जास्त. विशेष म्हणजे हे समाधान स्त्रियांच्या बाबतीत निर्णायक ठरलं. नुसतं लग्न बाईला पुरलं नाही, ते सुखाचं असावं लागलं.

यातला सर्वांत सुंदर प्रयोग स्टॅनफर्डमध्ये झाला. १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि तो ऑपरेशनचा नव्हे, तर हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांचा होता. तीन आठवड्यांनी नवऱ्याला ट्रेडमिलवर चालवून पाहिलं. काही बायका बाहेर बसल्या, काहींनी आत बसून पाहिलं, आणि काहींना सांगितलं, आता तुम्हीही याच वेगाने आणि चढाने तीन मिनिटं चाला. बाहेर बसलेल्या आणि नुसतं पाहिलेल्या बायकांना नवऱ्याच्या हृदयाची धास्ती वाटतच राहिली. चालून पाहिलेल्या बायकांचा विश्वास मात्र एकदम वाढला. हे एवढं जमतं, म्हणजे हृदय बळकट आहे, हे त्यांच्या पायांनी त्यांना सांगितलं. आणि नवलाची गोष्ट ही, की नवरा पुढे किती सुधारेल याचा अंदाज नवरा-बायको दोघांच्या विश्वासावरून बांधता आला. म्हणजे ‘सांभाळा हो’ म्हणत सतत मागे उभं राहणारी काळजी माणसाला खाटेला बांधते, आणि शेजारून चालणारा विश्वास त्याला उठवतो.

घरात करायचं काय

पहिलं, सोबत चाला. डॉक्टरांनी आखून दिलेलं अंतर सकाळ-संध्याकाळ दोघांनी मिळून चालावं. व्यायामाने उदासी कमी होते याला भक्कम आधार आहे, आणि चालताना समोरासमोर बसून न बोलता येणाऱ्या गोष्टी निघतात.

दुसरं, काम परत द्या. वजन उचलायला बंदी आहे, डोकं चालवायला नाही. व्यापाऱ्याला फोन, मजुरांचा हिशेब, केळीच्या कांदेबागेला पाणी कधी सोडायचं हा निर्णय त्यांचाच राहू द्या. काही आठवड्यांनी डॉक्टरांच्या परवानगीने गाडीत मागे बसून बांधावर एक चक्कर मारावी.

तिसरं, ताटावरची पहारेकरी होऊ नका. हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या की मीठ, तेल आणि ठेचा यांवरून घराघरांत भांडणं होतात. एकाला वेगळं फिकं आणि बाकीच्यांना झणझणीत, हे टाळता येतं. घरातल्या सगळ्यांचंच तेल-मीठ उतरवा. त्याचा फायदा मुलांनाही आहे.

चौथं, भेटणाऱ्यांची वेळ ठरवा. दुपारची विश्रांती आणि रात्रीची झोप राखायची म्हणजे वाईटपणा घ्यावा लागतो, तो जोडीदाराऐवजी मुलाने किंवा दिराने घ्यावा.

पाचवं, जवळिकीबद्दल बोला. या विषयावर दोघंही गप्प बसतात आणि दोघांनाही वाटतं, दुसरा दुरावला. दोन जिने दम न लागता चढता येत असतील आणि छातीचं हाड जुळलं असेल, तर सहसा सहा ते आठ आठवड्यांनी शरीरसंबंधाला हरकत नसते. हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको.

आणि स्वतःची भीती पोटात दडवून हसू नका. हृदयरुग्णांच्या जोडप्यांत, आपली काळजी समोरच्यापासून लपवणारा जोडीदार स्वतः अधिक खचतो, असं जेम्स कॉइन यांच्या अभ्यासात दिसलं. ‘मलाही भीती वाटते’ हे एकदा म्हणून टाकलं की दोघंही मोकळे होतात.

पेशंट बाई असेल तर हे सगळं दुप्पट लागू होतं. घरी आलेल्या पुरुषाला खाट मिळते, बाईला आठवडाभरात भाकरीचं पीठ समोर येतं. पाण्याची कळशी उचलणं, कपडे पिळणं, दोन्ही हातांनी पीठ रेटून मळणं, हे सारं जुळत्या हाडावर ताण देतं. आणि बसून राहिली तर तिला स्वतःचीच लाज वाटते. तिच्या उदासीवरचा पहिला इलाज नवऱ्याने चुलीपाशी उभं राहणं हा आहे.

थांबायचं कुठवर

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. नैराश्यावरची सर्ट्रालिनसारखी औषधं हृदयरुग्णांत अभ्यासलेली आहेत. कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. बोलून केलेले उपचारही चालतात: २००९ मधल्या एका चाचणीत बायपासनंतर नैराश्य आलेल्या रुग्णांपैकी विचारपद्धती बदलणारे उपचार मिळालेले ७१ टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले, नेहमीचीच देखभाल मिळालेले ३३ टक्के. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत नर्सनी रुग्णांना आठ महिने नियमित फोन केले, आणि एवढ्यानेही नैराश्यातून सावरणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. मोठं रुग्णालय कित्येक कोस दूर असलेल्या गावासाठी ही फारच आशेची बातमी आहे. केंद्र सरकारची मनाच्या आरोग्यासाठीची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीतून बोलता येतं.

‘मी नसलेला बरा’ असं एकदा जरी ऐकू आलं, तरी ते रागाचं बोलणं समजून सोडू नका. सरळ विचारा, एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि शेतीची कीटकनाशकं घरातून हलवा किंवा कुलपात टाका. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं हे मनाचं लक्षण नव्हे, पक्षाघाताचं आहे. तिथे मिनिटंही मोलाची असतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आज कितीतरी घरांत बायपास होतं, जिथे पूर्वी त्याचा विचारही परवडत नव्हता. ऑपरेशन गावापर्यंत आलं, मनाची माहिती मात्र अजून पोचायची आहे. तेव्हा रुग्णालयातून सुट्टी मिळेल त्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी हातात घेऊन लगेच उठू नका. डॉक्टरांना विचारा, ‘यांचं मन कसं राहील, आणि बिघडलं तर फोन कोणाला करायचा?’ उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या.